शाली पुष्कळ झाल्या, न्हाणीत पाइप बसवा

मा. संपादक साहेब,
स. न.

पत्र जरा लांबलंय, कुठे कापायचं तिथे कापा, फक्त न्हाणीचा भाग तेवढा ठेवा.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन झाला. आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावात एका मंडळाने ऐंशीच्या वरच्या लोकांचा सत्कार ठेवला होता, आई ८२ वर्षांची, तिचंही नाव यादीत. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट वगैरे काही नाही. २१ पायऱ्या. मोजल्या कारण आई प्रत्येक पायरीला थांबत होती आणि आमच्या मागे आणखी पाच-सहा सत्कारमूर्ती कठडा धरून लाइनीत उभे होते. वर पोचल्यावर शाल, नारळ, फोटो. पाहुण्यांनी वीस मिनिटं ज्येष्ठ म्हणजे समाजाचे आधारस्तंभ असं सांगितलं, आणि हे आधारस्तंभ आता खाली कसे उतरणार याचा विचार कोणी केलाच नव्हता. शेवटी मंडळाच्या दोन पोरांनी एका आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट खाली आणलं. पोरं चांगली हो, त्यांच्यावर राग नाही. पण आईच्या कपाटात आता सात शाली झाल्यात, आणि गोव्यात शाल पांघरायची थंडी पडते कधी ते मला कोणीतरी सांगा.

आई एकटी राहते. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो जसं काही मी छत्री बसमध्ये विसरून आलेय. भाऊ बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. मी पणजीला फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. बाबा गेल्यावर आईला मी घेऊन आले होते, अकरा दिवस राहिली. बाराव्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात बसलेली. "म्हाका हांगा श्वास घेवंक जायना, म्हजें घर बरें." तिथे तिची तुळस, मागचे चार माड, देवळातली घंटा, शेजारणीशी कुंपणावरून गप्पा. माझ्या फ्लॅटमध्ये तिला काय होतं तर टीव्ही आणि मी ऑफिसमधून कधी येते याची वाट बघणं. मग मीच हट्ट सोडला. तिला तिच्या घरात राहायचंय तर तिने राहावं, एवढं साधं आहे ते. पण साधं ठेवायला किती खटपट लागते ते पुढे वाचा.

गेल्या वर्षी जूनमध्ये, पाऊस नुकताच लागलेला, आई पहाटे साडेपाचला न्हाणीत पडली. जुन्या घराची न्हाणी तुम्हाला माहीत असेलच, काळोखी, गुळगुळीत शहाबादी फरशी, कोपऱ्यात भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं), खाली साबणाचं पाणी साचलेलं. दाराला आतून कडी. मोबाइल देवखोलीत चार्जिंगला. तिने हाक मारली पण पावसाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, आला. रोज तो भोंपू वाजवतो तेव्हा आई दारात सुटे पैसे घेऊन उभी असते, दोन उंडे आणि कधी एक पोळी, दोन्ही पावच. त्या दिवशी दारात कोणी नाही, पण न्हाणीत लाइट पेटलेली. दुसरा कोणी असता तर उंडे पिशवीत टाकून गेला असता, याने सायकल उभी केली, हाका मारल्या, उत्तर ऐकलं आणि शेजारच्या वहिनीला उठवलं. कडी उघडेना, शेवटी तिचा मुलगा मागच्या पडवीवर चढला, चार नळे काढले आणि आत उतरला. मग १०८. मनगट मोडलं, खुबा वाचला. खुबा गेला असता तर हे पत्र लिहिण्यासारखं काही उरलं नसतं, आमच्या वाड्यावरच्या दोघीजणी खुबा मोडून ज्या आडव्या पडल्या त्या परत उठल्याच नाहीत.

आता खरी गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं, न्हाणीत आणि संडासात धरायला पाइप बसवा, फरशी खरखरीत करा, कडी काढा. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. गवंडी मिळायला मला तीन आठवडे लागले! चौघांना फोन केले, एकाने उचलला नाही, दोघे उद्या येतो म्हणाले, आणि एकाने खरं तेच सांगितलं, "बाय, इतल्या ल्हान कामाक कोण येता?" बंगल्याचं काम सोडून दोन पाइपांसाठी तो का येईल, त्याचंही बरोबरच. शेवटी ऑफिसातल्या शिपायाचा मेव्हणा ड्रिल घेऊन रविवारी आला. पाइप, स्क्रू, फरशी, मजुरी सगळं मिळून २८०० रुपये. कडीच्या जागी पडदा लावला, जो आईला अजून आवडत नाही.

त्या तीन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की आईला जे जे लागतं ते सगळं हे असलंच, इतकं लहान की कोणी घेत नाही. बल्ब गेला. सिलिंडर आला पण रेग्युलेटर बसवायचा कोणी. बीपीची गोळी संपली आणि मेडिकल हायवेच्या पलीकडे, गाड्या सुसाट. बसची पायरी गुडघ्याच्या वर, आणि कंडक्टर "फाटीं सर, फाटीं सर" (मागे सर) करून ओरडतो. नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही म्हणून नारळ डोक्यावर पडायची भीती, म्हणून मग ती मागच्या बाजूला जायचीच बंद झाली. असं एक-एक बंद होत जातं, आणि एक दिवस आपण म्हणतो की आईला आता एकटीला जमत नाही. जमत नाही म्हणजे काय, रेग्युलेटर बसवायला कोणी आलं नाही एवढंच ना?

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये आमच्या शेजारणीला मिळतात आणि तिचं औषध त्यातच येतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड आहे, २०२४ पासून सत्तरीच्या वरच्यांना केंद्राचं पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचंही आहे. आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा आहे, मुलं बघत नसतील तर ट्रायब्युनलकडे अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० पर्यंत पोटगी मिळू शकते, आणि सांभाळायच्या अटीवर घर लिहून घेतलं आणि मग सांभाळलं नाही तर ते लिहून दिलेलं रद्दसुद्धा होतं. (आपल्या गोव्यात तर निम्म्या इस्टेटीवर मुलांचा हक्क तसाही पक्का, आई-बापाने मृत्युपत्र काहीही केलं तरी. म्हणून तर काहीजण निवांत असतात. म्हाताऱ्यांनी घर लिहून देताना निदान हयातभर तिथे राहायचा हक्क तरी कागदावर स्वतःकडे ठेवावा, एवढं आपलं माझं मत.) १४५६७ ही एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठांच्या मदतीचा फोन, आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, लोक नीट बोलतात. आणि ज्यांना खरंच कोणी नाही त्यांच्यासाठी प्रोव्हेदोरिया या सरकारी संस्थेचे आश्रम आहेत, पोर्तुगीजांच्या काळापासून.

पण बघा, हे सगळं कोणासाठी? जो गरीब आहे, जो आजारी पडलाय, ज्याला मुलांनी टाकलंय त्याच्यासाठी. पाहिजेच ते. आमची आई यातली कुठलीच नाही. तिला पेन्शन आहे, घर आहे, मुलं रोज फोन करतात. फक्त मुलं गावात नाहीत. आणि आज गोव्यात अशी घरं किती आहेत, कोणी गल्फला, कोणी बोटीवर, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला, कोणी पुण्या-बंगळूरला, आणि मागे भल्या मोठ्या घरात एक म्हातारी आणि एक कुत्रा. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२. केरळनंतर आपलाच नंबर. ती आकडेवारीसुद्धा आता जुनी झाली, माझ्या वाड्यावर मोजाल तर अशी निम्मी घरं निघतील.

बँकेचं पण ऐका. बाबा पोस्टात होते, आईला त्यांची फॅमिली पेन्शन. वर्षातून एकदा हयातीचा दाखला. रिक्षा करून तिला बँकेत नेलं, मशीनवर अंगठा ठेवला, आला नाही. दुसरा अंगठा, मग सगळी बोटं, मग हात धुवून परत. साठ वर्षं चुलीपुढे आणि खोबरं किसण्यात गेली त्या बोटांवर रेघा कुठून राहणार? काउंटरवरची मुलगी म्हणाली आधार अपडेट करून या. आई तिच्या समोर बसलेली, जिवंत, तिच्याशी बोलतेय! नंतर कळलं की पोस्टमन घरी येऊन हे काम करतो, ७० रुपयांत. तो आला, फोनवर चेहऱ्याचा फोटो घेतला, बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) बसून चहा प्यायला, बाबांच्या आठवणी काढल्या, पंधरा मिनिटांत दाखला. सत्तरीच्या वरच्यांना घरी येऊन बँकिंग सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेनेच २०१७ मध्ये बँकांना सांगितलंय, पण काउंटरवर कोणी ते तोंडातून काढत नाही. विचारल्याशिवाय काही कळायचंच नाही, हे आपल्याकडे कायमचं.

भावाने बोटीवरून एक उपाय पाठवला, कॅमेरा. सोप्यात लावला, मोबाइलवर दिसतं. तीन दिवसांत आईने त्यावर टॉवेल घातला. "हांव कितें चोर?" बरोबर आहे तिचं. कॅमेरा बघतो, पण रेग्युलेटर बसवत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की गोव्यात १९१ पंचायती आहेत, प्रत्येक पंचायतीने आपल्या वाड्यांवर एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची एक यादी करावी. नाव, घर, किल्ली कोणाकडे, औषध काय, फोन कोणाला करायचा. एका वहीचं काम आहे, ॲप नको. आणि प्रत्येक पंचायतीत एक माणूस असावा, हाताने कामं येणारा, ड्रिल आणि पान्हा असलेला, आठवड्याचे ठरलेले दिवस या घरांतून फिरणारा, आणि सोबत सेल्फ हेल्प ग्रुपमधली एखादी बाई जी दोन दिवसाआड डोकावून जाईल. फुकट नको. सेवाभाव वगैरे चार महिने टिकतो. पगार द्या, आणि ज्यांना परवडतं त्यांच्याकडून कामाचे पैसे घ्या, आई तर पैसे दिल्याशिवाय कोणाला सोडत नाही, वरून दोन नारळ देते. उपकार घ्यायला तिला आवडत नाही, काम करून घ्यायला आवडतं.

केरळात मलप्पुरमकडे गावातलेच लोक आजारी माणसांच्या घरोघरी जायला लागले, शेजाऱ्यांनीच ते जाळं विणलं, आणि २००८ ला त्या सरकारने त्यावर धोरणच केलं. आमच्याकडे तर सांगाडा तयार आहे, २०२० पासून स्वयंपूर्ण गोवा या सरकारी मोहिमेसाठी पंचायतींमध्ये स्वयंपूर्ण मित्र म्हणून सरकारी अधिकारी येतात. त्यांच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा, गावात एकटे किती आणि त्यांच्या न्हाणीत धरायला काही आहे का. स्वयंपूर्ण हा शब्द आईसारख्या माणसाला लागू होत नसेल तर कोणाला लागू होणार?

पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे, रविवारी असते त्यामुळे जमेल. हसतील काहीजण, हसू देत. गेल्या सभेत दोन तास गटारावर भांडण चाललं होतं.

जाता जाता, परवा त्या मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला, पुढच्या वर्षीच्या सत्कारासाठी नावं सुचवा म्हणून. मी म्हटलं नावं देते, पण कार्यक्रम खाली शाळेच्या पटांगणात घ्या आणि शालींच्या पैशांत एक दिवस गवंडी फिरवा, ज्याला पाहिजे त्याच्या न्हाणीत पाइप. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले कमिटीत विचारून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

आपली,
एक वाचक, पणजी
(मूळची फोंडा तालुक्यातली)