कासेतले औषध आणि न लागणारे दही

महोदय,

म्हशीच्या कासेला सूज आली, की मेडिकलमधून आणलेली ट्यूब सडात सोडायची आणि दुसऱ्या दिवशी दूध नेहमीसारखे संस्थेत घालायचे, हा प्रकार खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत बंद व्हायला हवा. अशा दुधाचे दही लागत नाही तेव्हा दोष थंडीला किंवा विरजणाला दिला जातो. ट्यूबमधले पेनिसिलिन दुधात उतरले असेल, ही शंका क्वचितच कुणाला येते.

जिवाणूच्या पेशीत क्षार आणि इतर विद्राव्य पदार्थ दाट असतात, म्हणून बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते. तो दाब पेशीभोवतीच्या एकट्या पातळ पटलाला पेलत नाही. तो पेलते पेप्टिडोग्लायकनची भित्तिका. दोन प्रकारच्या शर्करा आळीपाळीने जोडून तिच्या लांब साखळ्या बनतात आणि शेजारच्या साखळ्या अमिनो आम्लांच्या आखूड पुलांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. पेनिसिलिन हे पूल बांधणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) जखडते. वाढत्या पेशीत जुनी भित्तिका जागोजाग उकलली जातच असते. नवे पूल पडले नाहीत, की पेशी फुटते. म्हणूनच हे औषध वाढणाऱ्या जिवाणूंवरच चालते.

विरजणातले लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस हे जाड भित्तिकेचे, ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू. दही लागते ते त्यांच्या भराभर वाढण्यानेच, आणि नेमके तेव्हाच पेनिसिलिन त्यांना गाठते. दूध उकळून ते पुरते नष्ट होत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानके ठरवणाऱ्या संस्थेने दुधात बेंझिलपेनिसिलिनची मर्यादा किलोमागे अवघी ४ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी तर हे दूध धोक्याचेच.

दुसरी बाजू उपचाराची. कासदाह ई. कोलायमुळे असेल तर त्याची भित्तिका पातळ असते, पण तिच्यावर आणखी एक बाह्यपटल असते आणि साधे पेनिसिलिन तिथेच अडते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे कित्येक वाण पेनिसिलिन तोडणारे विकर बनवतात. मायकोप्लाझ्माला तर भित्तिकाच नाही. तिथे पेनिसिलिन फुकट. नुसती सूज पाहून यातला कोणता जिवाणू आहे हे कळत नाही.

त्यासाठी ट्यूब सोडण्याआधीच नमुना घ्यावा. नंतर घेतल्यास प्रयोगशाळेत वाढच दिसत नाही आणि रोग नसल्याचा गैरसमज होतो. सड धुऊन कोरडा करावा, टोक ७० टक्के अल्कोहोलच्या कापसाने पुसावे, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्याव्यात. निर्जंतुक बाटली आडवी धरून, तिच्या तोंडाला सड लागू न देता थोडे दूध घ्यावे आणि बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवावे. हात धुतलेले नसले तर हातावरचे जिवाणूच उगवतात आणि सगळी खटपट वाया जाते.

औषध दिल्यावर पाकिटावर लिहिलेल्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचे दूध वेगळे काढावे. औषध रक्तावाटे इतर सडांतही उतरते, त्यामुळे फक्त दुखऱ्या सडाचे दूध टाकून भागत नाही. ते दूध विरजणातही घालू नये.

सीमाभागातल्या दूध संस्थांना एवढीच विनंती, की ही मुदत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत संकलन केंद्रावर लावावी आणि प्रतिजैविक तपासणीच्या पट्ट्या तिथेच ठेवाव्यात.

— सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)