कोल्हापूर इंग्रजांनी वसवलं म्हणताय, मग बिल कुणी भरलं ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीत जुन्या कोल्हापूरवर लेख आलाय, फोटो एक नंबर, पण सगळा सूर असा की इंग्रज आले आणि मग कुठं आपल्या गावाला शहराचं रूप आलं. हे काय पटलं नाही बघा.

इंग्रज इथं शहर वसवायला आलेच नव्हते. 1812 च्या तहात मालवण त्यांनी आधीच घेतलं होतं, पुढं राजा लहान म्हणून दाजी कृष्ण पंडित हा त्यांचा माणूस कारभारात बसवला, त्यानं गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ले राखणाऱ्या वंशपरंपरागत शिबंदीच्या, जमिनींत हात घातला आणि 1844 ला सामानगड, भुदरगड, पन्हाळा सगळीकडं उठाव झाला. कर्नल ओव्हान्सला तर पन्हाळ्यावर कोंडूनच ठेवलं होतं. बंड मोडल्यावर राग काढला तो किल्ल्यांवर. आज पन्हाळ्यात गाडी शिरते तिथला चार दरवाजा त्यांनीच पाडलाय, उरलेल्या दगडांना टेकून लोक कणीस खात सेल्फी काढतात, तो कुणी पाडला ते विचारायला कुणाला वेळ नसतो. गडकऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची चाकरी पण गेली, आणि 1862 पर्यंत संस्थानाचा कारभार पॉलिटिकल सुपरिंटेंडंट या इंग्रज अधिकाऱ्याच्या हातात. मधे 31 जुलै 1857 च्या रात्री इंग्रजांच्याच फौजेतली 27 वी देशी पलटण उठली, मग राजाचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना उचलून कराचीला नेलं, ते 1869 ला तिथंच वारले. तुमच्या लेखात या सगळ्याला मिळून एक ओळ!

आता इमारतींचं. टाऊन हॉल 1872 ते 76, नवा राजवाडा 1877 ते 84, दोन्हीचा नकाशा मेजर मँटचा, ते मान्य, माणूस हुशारच होता. पण पैसा दरबारचा ना? 1891 ला मिरजेहून रेल्वे आली ती पण कोल्हापूर स्टेट रेल्वे, म्हणजे दरबारच्याच खर्चानं. आणि स्टेशनमागोमाग जी खरी नवी वस्ती झाली ती शाहूपुरी, 1895 ला शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवली, त्यामुळं गूळ विकायला बाहेरच्या पेठेवर अवलंबून राहायचं कारण कमी झालं. जयसिंगपूर पण त्यांनीच वसवलं, सरळ रस्ते आणि नंबरच्या गल्ल्या आखून. यात रेसिडेन्सीतल्या साहेबाचं काय कर्तृत्व?

गोऱ्यांचं काही चांगलं नव्हतंच असं माझं म्हणणं नाही, वाइल्डर या अमेरिकन पाद्र्यानं 1852 ला येऊन मिशनच्या शाळा काढल्या ते पण छापा की. पण क्रेडिट ज्याचं त्याला द्या.

पुढच्या रविवारी गडकऱ्यांच्या बंडावर अर्धं पान तरी द्या आणि चार दरवाजाचा फोटो मोठा टाका, खाली 1844 हे साल ठळक अक्षरात.

आपला एक वाचक,
उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर