वायर कापू नका, स्विच बदला

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाने लिहिलं होतं की घोडबंदर रोडवर जुन्या गाड्यांचे लाईट एकतर डोळ्यात घुसतात नाहीतर मधेच बंद पडतात, त्यामुळे असल्या गाड्या सरळ भंगारात काढा. त्रास खरा आहे, पण उपाय अजिबात पटला नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे बाबांची १९७२ची एमजीबी आहे, इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, दोन सीटची, टप उघडणारी. मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी रात्री फाउंटनकडून ठाण्याला येत होतो, गायमुख घाटात समोरून ट्रक आला म्हणून डिप्पर मारला तर दोन्ही हेडलाईट गेले. पूर्ण अंधार, वळण, बाजूला बायको. स्टिअरिंगजवळची लाईटच्या स्विचची दांडी वर ढकलली की अप्पर लागायचा, सोडली की काळोख, मग ती तशीच धरून समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवत, त्याची मनातल्या मनात माफी मागत कासारवडवलीपर्यंत आलो. स्टिअरिंगजवळ प्लास्टिक जळल्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटं बघून सांगितलं, हा स्विच आता मिळत नाही, वायरी कापतो, डॅशबोर्डला टॉगल म्हणजे खटक्याचा साधा स्विच बसवून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मी गाडी परत आणली. कारण टॉगल शोधायला अंधारात स्टिअरिंगवरचा हात काढावा लागतो आणि एकदा कापलेली वायर पुढच्या माणसाला कधीच नीट कळत नाही. या गाडीत वायरींना रंगांची भाषा आहे, निळी-पांढरी म्हणजे अप्पर, निळी-लाल म्हणजे डिप्पर, हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा, जांभळी-काळी हॉर्न. ही भाषा पन्नास वर्षं टिकलीय, ती एका पक्कडीने का संपवायची?

आणि स्विच मिळत नाही हे पण खोटं. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त, त्यामुळे इंग्लंडमधे तिचे नवे पार्ट अजून बनतात. महिना लागला, पैसे गेले, पण आला.

बसवणं अवघड नाही, धीर लागतो. आधी बॅटरी सोडायची, या गाडीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात. चाकं सरळ ठेवायची, म्हणजे वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद करणारा खटका नंतर बरोबर जागी येतो. मग स्टिअरिंगच्या दांड्यावरचं (कॉलमवरचं) कव्हर, स्क्रू, खालचा कनेक्टर, आणि काही सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो. फक्त एक सांगतो, स्टिअरिंगमधे एअरबॅग असलेल्या नंतरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर हे घरी करू नका, तिथे स्टिअरिंगच्या चाकामागे एक नाजूक गुंडाळलेली पट्टी असते, ती मधल्या स्थितीतून हलली तर तुटते आणि एअरबॅगचं कनेक्शन जातं.

पण नुसता स्विच बदलून भागत नाही, आणि हेच मला जास्त करून सांगायचंय. जुना मी उघडून बघितला, आतला तांब्याचा पॉइंट काळा पडून प्लास्टिकमधे रुतला होता. या गाडीत हेडलाईटचा सगळा करंट स्विचमधूनच जातो, मधे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, फ्यूज पण नाही. साधे ५५ वॉटचे दोन डिप्पर म्हणजे ९ अँपिअर, आणि आमच्या गाडीत आधी कोणीतरी जास्त उजेडासाठी १००/९० वॉटचे (अप्पर १००, डिप्पर ९०) बल्ब टाकले होते, त्यात अप्परवर १६ अँपिअरच्या वर जातात. बोटाएवढ्या जुन्या स्विचने हे किती वर्षं सोसायचं? पॉइंटवर थोडी काजळी आली की तो तापतो, तापला की अजून काजळी धरतो. म्हणून ६०/५५चे बल्ब परत लावले आणि अप्परला एक, डिप्परला एक असे दोन रिले टाकले, दोघांना वेगवेगळा फ्यूज. रिलेच्या पिनांना नंबर असतात: बॅटरीची वायर फ्यूजमधून ३० नंबरला, ८७ मधून लाईटला, स्विचची वायर ८६ला, ८५ बॉडीला. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, एक अँपिअर पण नाही, आणि हेडलाईट आधीपेक्षा स्वच्छ पांढरे लागतात कारण वाटेत व्होल्टेज पडत नाही. मूळची एकही वायर कापलेली नाही.

हे त्या वाचकासाठी सांगतोय. समोरच्याच्या डोळ्यात जाणारा लाईट बहुतेक वेळा जळलेल्या डिप्परचा, चुकीच्या बल्बचा किंवा वाकड्या फोकसचा असतो, गाडीच्या वयाचा नाही. सरकारनेच २०२१ मधे ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिलीय, नंबरात व्हीए अक्षरं येतात. म्हणजे या गाड्या राहणार आहेत, मग त्या दुरुस्त करणारी माणसं पण हवीत. वागळे इस्टेटला एवढी मोठी आयटीआय आहे, तिथल्या मुलांना नव्या गाड्यांना कॉम्प्युटरचा स्कॅनर लावायला शिकवताच, सोबत टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का दाखवणारा दिवा) घेऊन एक जुना लाईट सर्किट शोधायला पण शिकवा, अशी तुमच्या पेपरातून विनंती करतो.

जळलेला स्विच मी टाकलेला नाही. आयटीआयच्या सरांना वर्गात उघडून दाखवायला हवा असेल तर कुठल्याही शनिवारी नेऊन देईन, रिलेची हाताने काढलेली आकृती पण देईन.

एक वाचक, नौपाडा, ठाणे