बाबा, तो जिना आता नको

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा. वाचनालयातल्या बाईंशी मी परवा बोलले. यापुढे तुमची पुस्तकं दर शनिवारी घरी येतील. खालच्या वहिनींचा मुलगा आणून देईल, वाचलेली परत नेईल. सहा महिन्यांचे पैसेही भरले. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाहीच म्हणाला असतात. तो अरुंद जिना, ओल्या चपला, श्रावणातला तो दिवस... पुन्हा तसं झालं तर इथून निघून पोचायला मला अख्खी रात्र लागते हो. सभासदत्व तुमच्याच नावावर आहे. बाईंनी तर लगेच विचारलं, “साहेब बरे आहेत ना?”

कपाटापुढे उभं राहून पुस्तक चाळायचं, पहिलं पान तिथेच वाचायचं, हे सुख मी काढून घेतलं, कळतंय मला. म्हणून पहिली तीन पुस्तकं फार विचार करून निवडलीत.

तुमच्यासाठी प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’. ऐतिहासिक नाही म्हणून बाजूला ठेवू नका. हिमालयात कडे फोडून रस्ता काढताहेत, तिथे विश्वनाथ नावाचा तरुण इंजिनिअर येतो. काम कसं व्हावं याबद्दल त्याचं मन स्वच्छ, आणि वरून हुकूम वेगळे. प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत जातं. वाचताना मला तुम्हीच दिसत होतात, घाटातल्या त्या मोरीवरून साहेबांशी भांडून आलेले, न जेवता ओसरीवर बसलेले.

आई, तुला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. संक्षिप्त नाही, अख्खं मागवलंय. वडिलांच्या सोवळ्याची हकिगत वाच आणि आजी आठवली का ते सांग. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, ही मागे राहिली. केवढं सोसलंय तिने! पण ओट्याशी उभं राहून बोलावं तसं लिहिते, आणि कुठे कडवट होत नाही. तुझ्यासारखीच.

तिसरं दोघांचं, दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. बारा महिन्यांचे बारा लेख. सुरुवात चैत्रापासून आहे, पण तुम्ही आश्विनापासून घ्या आणि महिन्याला एकच. घाईने संपवायचं पुस्तक नाही ते. बाबा, हे तुम्ही मोठ्याने वाचायचं. मला गोवर आला होता तेव्हा खिडकीला चादर लावून, दाराच्या फटीतल्या उजेडात तुम्ही वाचायचात. मी डोळे मिटून नुसता आवाज ऐकत पडायचे. आता आईला तसंच वाचून दाखवा.

आई, डोळ्यांतले थेंब चुकवायचे नाहीत. डॉक्टर हो म्हणेपर्यंत वाचन अर्धाच तास, तेही दिवसा. बाबा, पलंगाशेजारचा दिवा बदलून घ्या, बल्ब कपाटात वरच्या खणात आहे. स्टुलावर तुम्ही चढायचं नाही, त्या मुलालाच सांगा.

दिवाळीत आले की आपण तिघं वाचनालयात जाऊ. मी हात धरीन, तुम्ही हवा तितका वेळ उभे राहा.

चौथं पुस्तक मात्र तुम्ही ठरवायचं. नाव चिठ्ठीवर लिहून शनिवारी त्या मुलाजवळ द्या.

तुमची,
मनी