‘काश्मीर’ मोरोक्कोत सुचलं, आणि झेपलिनवाले सगळे म्हातारे नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेड झेपलिन या जुन्या इंग्लिश रॉक बँडवर चक्क अर्धं पान आलं, मराठी पेपरात हा म्हणजे कपिलाषष्ठीचाच योग, त्यामुळे आधी त्याबद्दल मनापासून थँक्यू. लेख तसा बरा आहे, मेहनत घेतलीय हे दिसतं. पण दोन गोष्टी वाचल्या आणि राहवेना म्हणून हे पत्र. एक तर त्यात म्हटलंय की बँडवाले काश्मीरला फिरून आले आणि मग त्यांनी ‘काश्मीर’ गाणं केलं. अहो नाही हो. त्यांचा गायक रॉबर्ट प्लांट, त्याला ते शब्द १९७३ मध्ये दक्षिण मोरोक्कोत सुचले, वाळवंटातला सरळसोट रस्ता, गाडी चाललीय, दोन्ही बाजूंना काहीच नाही आणि रस्ता काही केल्या संपत नाही, त्यातनं ते गाणं आलं. काश्मीर त्याने तोवर पाहिलंही नव्हतं. दुसरी गोष्ट मात्र जास्त टोचली. शेवटच्या परिच्छेदात तुमचे लेखक म्हणतात की आजचं झेपलिनप्रेम म्हणजे साठी उलटलेल्या लोकांचं स्मरणरंजन, त्यात संगीताचा भाग कमी आणि स्वतःच्या तरुणपणाचा जास्त.

आता मला सांगा, ड्रमर जॉन बॉनम गेला २५ सप्टेंबर १९८० ला, आणि त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी जाहीर करून टाकलं की त्याच्याशिवाय आम्ही हे पुढे चालवू शकत नाही. मी तेव्हा बालवाडीत असेन. मी ज्या वयात ऱ्हिदम हाउसमधून त्यांची पहिली कॅसेट घेतली तोपर्यंत बँड बंद पडून जमाना झाला होता, म्हणजे आठवणी काढायला आमच्याकडे आठवणी तरी कुठल्या? आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक बारावीतला पोरगा आहे, तो दिवसभर हेडफोन लावून गिटारवर त्यांच्या ‘ब्लॅक डॉग’ गाण्याची तीच ती रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, घोटत असतो, त्याचं कसलं स्मरणरंजन? त्याच्या तर आईबापांचाही जन्म १९७१ नंतरचा, जेव्हा त्या गाण्याचा अल्बम आला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोक या बँडला चिकटून राहिलेत कारण त्यांनी अल्बम अख्खे केले. गाणी केली आणि मग ती एका तबकडीवर कोंबली असं नाही केलं. बँड चालू होता तोवर इंग्लंडमध्ये त्यांनी एकही सिंगल, म्हणजे सुट्ट्या गाण्याची तबकडी, काढू दिलं नाही, कंपनी मागे लागली तरी नाही. अमेरिकेत काही सिंगल्स निघाली, पण ‘स्टेअरवे टू हेवन’ तिथेही सिंगल म्हणून विकायला आलं नाही, हवं असेल तर अल्बम घ्या. आठ मिनिटांचं गाणं, चार मिनिटं उलटून गेल्यावर त्यात ड्रम येतो! आज कोणाला सांगून बघा असं गाणं करायला, तीस सेकंदांच्या आत हुक, म्हणजे कानाला चिकटणारी ओळ, नसेल तर पोरं अंगठा सरकवून मोकळी होतात असं सगळे म्हणतात आणि तीच पोरं हे ऐकताहेत.

आणि तो चौथा अल्बम, १९७१ च्या नोव्हेंबरातला, त्याला तर नावच नाही. कव्हरवर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, कंपनीचा लोगो नाही, फक्त चौघांनी आपापली चार चिन्हं आत छापली. समीक्षक सुरुवातीपासून यांना धुवत होते, १९६९ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने पहिल्याच अल्बमची यथेच्छ खरडपट्टी काढली होती, तेव्हा त्यांचा गिटारवाला जिमी पेज याचं म्हणणं असं की बघू तर खरं, आमचं नावच नसेल तर लोक नुसतं संगीत घेतात का. घेतलं की! एकट्या अमेरिकेत दोन कोटींच्या वर गेला तो आकडा, आणि गंमत म्हणजे तिथल्या चार्टवर तो कधी पहिल्या नंबरला पोचलाच नाही.

त्याच कव्हरचं सांगतो, कारण तुमच्या लेखात ते अजिबात आलं नाही आणि चाहत्यांच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात भारी बातमी आहे. पोपडे उडालेल्या भिंतीवर एक चौकट टांगलीय, चौकटीत पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला वाकलेला म्हातारा. ते चित्र प्लांटला रेडिंगजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळालं असं सांगतात. पन्नास वर्षं सगळे म्हणत होते की ते पेंटिंग आहे. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका संशोधकाला, तोही लहानपणापासून झेपलिनवालाच, व्हिक्टोरियन काळातल्या फोटोंचा एक अल्बम चाळताना हाच म्हातारा दिसला. म्हणजे तो फोटो होता, १८९२ चा, आणि कव्हरवर होती ती त्याचीच रंगवलेली प्रत. फोटो काढणारा अर्नेस्ट फार्मर. आणि म्हातारा म्हणजे विल्टशायरमधल्या मीअर गावचा लॉट लाँग, धंदा काय तर घरं शाकारायचा. ती मोळी त्याच कामाची. विल्टशायरच्या म्युझियमने तो फोटोंचा अल्बम विकत घेतला आणि त्यावर प्रदर्शन भरवलं. आता बघा, आपल्याकडे कोकणात घर शाकारणाऱ्या माणसाचा फोटो कोणी शंभर वर्षं जपून ठेवेल का, आणि इथे एक गरीब शाकारणारा जगभर कोट्यवधी घरांत जाऊन बसला आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नाही, तो १८९३ मध्येच वारला. हे ज्याने शोधलं त्याला तुम्ही काय म्हणणार, स्मरणरंजन?

कव्हरं हा तर यांचा वेगळाच विषय आहे. कॅसेटवाल्यांना हे काही कळत नव्हतं, कॅसेटच्या कार्डावर सगळं आगपेटीएवढं दिसायचं. एका मित्राच्या मामांकडे वांद्र्याला तिसऱ्या अल्बमची एलपी होती, ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा कळलं की कव्हरच्या पुठ्ठ्याला भोकं आहेत आणि आत एक गोल चकती आहे, कडेनं अंगठ्याने फिरवली की भोकांतून कधी विमान, कधी फुलपाखरू, कधी प्लांटचं डोकं. मामा जवळच उभे होते, हळू, हळू, फाटेल. ‘फिजिकल ग्राफिटी’ अल्बमच्या कव्हरवर न्यूयॉर्कमधल्या सेंट मार्क्स प्लेसची चाळवजा बिल्डिंग आहे, तिच्या खिडक्या खऱ्याच कापलेल्या, आतलं पाकीट बदललं की खिडकीतली माणसं बदलतात. चौकोनात बसावी म्हणून फोटोतला एक मजलाच उडवला होता म्हणे, आपल्याकडे मजले चढवतात, यांनी उतरवला. आणि १९७९ चा ‘इन थ्रू द आउट डोअर’ तर खाकी कागदी पिशवीत यायचा, आत सहा वेगवेगळ्या कव्हरांपैकी कुठलं निघेल ते नशिबावर, आणि आतल्या काळ्यापांढऱ्या चित्रावर ओला ब्रश फिरवला की त्याला रंग चढायचा. कंपनीचा माणूस वैतागून म्हणाला असेल की कव्हर कशाला, खाकी पिशवीत घातला तरी विकला जाईल, आणि यांनी तेच केलं!

पण कव्हर सोडा, ऐकायचं काय ते सांगतो. चौथ्या अल्बममधलं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गाणं घ्या. हॅम्पशायरमधलं हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर, पूर्वी तिथे गोरगरिबांना ठेवायचे, बाहेर रोलिंग स्टोन्स या बँडची रेकॉर्डिंगची गाडी उभी. बॉनमचे ड्रम त्यांनी खाली दारातल्या उंच दालनात जिन्याच्या तोंडाशी लावले आणि माइक ड्रमजवळ न ठेवता जिन्याच्या वरून दोन माइक खाली सोडले, बस्स. त्यामुळे तुम्हाला ड्रम ऐकू येतोच, पण त्याच्याबरोबर ती सगळी उंच पोकळी ऐकू येते, घरच वाजतंय असं वाटतं. नंतर हिपहॉपवाल्यांनी तो ठेका किती वेळा उचललाय त्याला गणती नाही. मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका हो, निदान बरा हेडफोन तरी घ्या.

आणि तुमच्या वाचकांना तबला, लय वगैरे कळतं म्हणून ‘काश्मीर’बद्दल अजून एक. त्यात बॉनम चारचा ठेका धरून बसलाय, ठाम, जागचा हलत नाही. आणि वर गिटार आणि व्हायोलिनं जी चढत जाणारी ओळ वाजवतात ती तीनची आहे. म्हणजे दोघं सुटतात एकत्र आणि लगेच एकमेकांपासून सरकायला लागतात, आणि बारा मात्रांनी परत समेवर भेटतात. नुसतं बोटांवर मोजत ऐका, एका हातावर चार, एका हातावर तीन. मी हे आमच्या ओळखीतल्या एका तबलजींना ऐकवलं, ते आधी नाक मुरडून बसले होते, कसला धांगडधिंगा म्हणून, दुसऱ्या मिनिटाला त्यांचा हात मांडीवर पडायला लागला. समेला मान गेली की समजायचं काम झालं!

आता प्रेम आहे म्हणून डोळे मिटलेत असंही नाही. यांनी जुन्या ब्लूजवाल्यांचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातल्या गायक-वादकांचं, भरपूर उचललं आणि सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी त्यांची नावंही दिली नाहीत, हे कट्टर चाहतेच सगळ्यात जास्त बोलतात. ‘होल लॉटा लव्ह’वरून ब्लूजवाल्या विली डिक्सनने १९८५ मध्ये केस केली, कोर्टाबाहेर मिटली, आता त्याचं नाव लागतं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’चं प्रकरण गायक जेक होम्सबरोबर २०१२ मध्ये मिटलं. ‘स्टेअरवे’ची केस मात्र ते जिंकले, २०२० मध्ये अपिलातही. ‘लेव्ही’ तर मूळ मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो यांनी १९२९ मध्ये रेकॉर्ड केलेलं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं. तिथे मेम्फिस मिनीचं नाव त्यांनी पहिल्यापासून दिलंय. मी मेम्फिस मिनीपर्यंत पोचलो ते झेपलिनमुळेच, नाहीतर डोंबिवलीत बसून मला ती कुठून भेटणार होती. चोरी ती चोरी हे मान्यच, पण ज्याने मूळ मालकाचं घर दाखवलं त्याच्यावर पूर्ण रागावताही येत नाही, हे माझं वैयक्तिक मत, पटलं नाही तर सोडून द्या.

लोकांना किती ओढ आहे हे बघायचं तर १० डिसेंबर २००७ बघा. लंडनच्या ओटू या हॉलमध्ये एकच शो, बॉनमच्या जागी त्याचाच मुलगा जेसन. हॉलमध्ये माणसं मावतात वीस हजारांच्या आत-बाहेर आणि तिकिटांसाठी मागण्या आल्या दोन कोटींच्या वर, गिनेस बुकात नोंद आहे. स्कॉटलंडमधल्या एकाने चॅरिटी लिलावात दोन तिकिटांना ८३,००० पौंड मोजले. आणि एवढं होऊनही त्यांनी पुढे टूर काढली नाही. पैसे समोर पडलेले दिसत होते तरी प्लांट नाही म्हणाला तो नाहीच म्हणाला. बाकीचे बँड बघा, मूळचा एकच माणूस उरलाय आणि तरी निरोपाचा दौरा संपता संपत नाही. यांचे आठ अल्बम आणि मागाहून आलेला ‘कोडा’, संपला विषय, त्यामुळे जे आहे तेच परत परत उघडून बघावं लागतं.

आता मुख्य तक्रार. तुमच्या पुरवणीत परदेशी संगीताबद्दल बातमी येते ती दोनच वेळा, कोणीतरी गेलं की, नाहीतर तिकिटं महाग झाली की. कोल्डप्ले नवी मुंबईत आले तेव्हा आठवडाभर तिकीट, ट्रॅफिक आणि लोकलच्या जादा गाड्या यावरच छापून येत होतं, ते वाजवतात काय यावर चार ओळी नाहीत. आणि झेपलिनचा तर मुंबईशी खराखुरा संबंध आहे, तो तुमच्या अर्ध्या पानात एका वाक्यातही नाही! १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत त्यांनी तिथल्या पोरांची वाद्यं घेऊन वाजवलं, आणि इथल्या स्टुडिओत इथलेच वादक बसवून ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी तबला-व्हायोलिनांवर परत केली. ‘फोर स्टिक्स’ म्हणजे ते, ज्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलं होतं आणि ज्यात पाच आणि सहा मात्रा आलटून पालटून येतात. ते मुंबईचं रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं चोरट्या टेपवर फिरत होतं, शेवटी २०१५ मध्ये ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे आलं, त्यावर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असं छापलंय. आता ऐकायला कुठेही मिळतं, ‘फोर स्टिक्स’चं नाव तिथे ‘फोर हँड्स’ केलंय.

तर विनंती अशी आहे की ‘काश्मीर’ची दुरुस्ती पुढच्या रविवारी कोपऱ्यात का होईना छापा. आणि त्या ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’त बसलेले व्हायोलिनवाले, तबलावाले किंवा त्यांच्या घरचे कोणी तुमचा पेपर वाचत असतील तर त्यांना लिहायला सांगा, दादर-गिरगावात आजही कोणाच्या तरी घरी ती आठवण सांगणारं माणूस सापडेल. त्यांचं लिहिलेलं कितीही लांब असलं तरी कापू नका, हवं तर माझं हे पत्र कापा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)