'अचानक' हा शब्द वगळा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विहिरीच्या कामावर स्फोट होऊन मजूर दगावल्याची बातमी खान्देशात उन्हाळ्यात वाचायला मिळते, आणि तिच्यात 'अचानक' हा शब्द बहुतेक असतोच. त्या शब्दावर माझी हरकत आहे.

माझे वडील शिंदखेडा तालुक्यात विहिरींवर सुरुंग भरायचे. एकदा सहा बार भरले आणि आवाज पाचच झाले. दगड वर ओढणारी यारी रिकामी उभी होती, ठेकेदार वरून ओरडत होता, पहार घालून भोक मोकळे करा म्हणून. वडिलांनी पहार काढून घेतली. म्हणाले, "हात लावू नका रे भो, सकाय दखसूत" (सकाळी बघू). त्या दिवसाची मजुरी बुडाली. पहारीच्या टोकाला काळ्या दगडाची कच चिकटलेली होती, ती मला आजही दिसते.

ती कच काय करू शकते, हे मला अभियांत्रिकीला गेल्यावर कळले. धक्का बसला की सगळे स्फोटक सारखे तापत नाही. कचेच्या कडेला, दबलेल्या हवेच्या बुडबुड्यात, चिरेच्या घासणाऱ्या दोन बाजूंमध्ये एखादा ठिपका ४०० अंशांच्या वर जातो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान ठिपका! त्यातली उष्णता आजूबाजूला निघून गेली तर काही होत नाही. निघून जाण्याआधी रासायनिक क्रियेने त्यात भर घातली, की पेट घेतलाच. केंब्रिजच्या बोडन आणि यॉफी या शास्त्रज्ञांनी हे गेल्या शतकाच्या मध्यालाच दाखवले होते.

आता हाच हिशेब संगणकावर मांडतात. स्फोटकाच्या ठोकळ्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचा ताण, चीर, तापमान सेकंदाच्या दहा लाखाव्या भागागणिक काढत जायचे. खऱ्या स्फोटकावर वजन पाडून केलेल्या चाचणीशी ते जुळले तरच उत्तर धरायचे. लष्करी स्फोटकांच्या अशा अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: पहिल्या धक्क्याने न पेटलेला माल जसाच्या तसा राहत नाही. आत चिरा पडतात, आणि पुढचा धक्का हलका असला तरी भारी पडू शकतो. 'पडला होता, पण काही झाले नाही' या भरवशावर माल वापरणे म्हणूनच घातक आहे. वरणगाव-भुसावळकडच्या आयुध निर्माणींमुळे दारूगोळा हा विषय आपल्या भागाला परका नाही. तरी विहिरीवरच्या मजुराला हे कोणी सांगत नाही.

आपल्या बातमीदारांनी एवढे जरूर विचारावे: आधी एखादा बार वाजायचा राहिला होता का? त्यात पहार घातली का? घालायला कोणी सांगितले? 'अचानक'च्या जागी ही उत्तरे छापा.

आपला,
एक वाचक, शिंदखेडा (जि. धुळे)