माळ्यावरचा रेडिओ

तिरुवनंतपुरम,
२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, काल तू म्हणालीस की दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा रेडिओ भंगारवाल्याला देऊन टाकणार. देऊ नकोस. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही.

बाबा, रात्री बीबीसीच्या बातम्या लागल्या की आवाज मध्येच थरथरायचा, आठवतं? तुम्ही एरियलची तार खिडकीच्या गजाला गुंडाळायचात, सेल काढून धोतराच्या सोग्याला पुसायचात. पुष्कळदा दोष रेडिओचा नव्हताच. लघुलहरी आयनांबरावरून, म्हणजे खूप उंचावरच्या विद्युतभारित कणांच्या थरावरून, परतून आपल्यापर्यंत येतात आणि आपल्या पट्ट्यात सूर्य मावळल्यावर तोच थर खवळतो. मी संगणकावर दिवसभर बघत बसते ते हे खवळणं.

सूर्य गेला की थराच्या तळाकडचे आयन (विद्युतभारित अणू-रेणू) आणि इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळून भराभर विरतात, वरचे टिकून राहतात. म्हणजे खाली विरळ, वर दाट. आई, तेलावर पाणी ओतलं की तेल उसळून वर येतं, तशीच गत. तळाला जराशी लाट उठली की तिच्या दोन्ही अंगांना विरुद्ध विद्युतभार साठतात आणि त्यांचं क्षेत्र मधल्या विरळ भागाला वर ढकलत नेतं. तो बुडबुडा कधी कधी हजार किलोमीटरच्याही वर जातो.

पेरूतल्या वांकायोला १९३८ साली या गडबडीची पहिली नोंद झाली. संगणकावर बुडबुडा उगवून दाखवला तो स्कॅनापिएको आणि ओसाको या शास्त्रज्ञांनी, १९७६ साली. मीही तेच करते: आकाशाच्या उभ्या कापाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात इलेक्ट्रॉन भरायचे, तळाला हलकी लाट द्यायची आणि थांबायचं. बराच वेळ काही होत नाही. मग एक फुगवटा येतो, तो चढत जातो आणि त्याच्या माथ्याला फाटे फुटतात. तो क्षण मी कितीदा पाहिला असेल, तरी श्वास अडकतो.

अडचण पुढेच आहे. बुडबुडे दहा-दहा, शंभर-शंभर किलोमीटरचे, आणि लिमाजवळच्या हिकामार्का रडारला दिसतात त्या लहरी तीन मीटरच्या. दोन्ही एका जाळीत मावत नाहीत. चौकोन मोठे ठेवले तर बारीक नक्षी पुसली जाते, आणि असं गुळगुळीत चित्र मला खोटं वाटतं. मार्चमध्ये एका चौकोनात इलेक्ट्रॉनची संख्या उणे आली. आठवड्याचं काम टाकून द्यावं लागलं. त्या रात्री तुमचा फोन उचलला नाही, तो यामुळे.

चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात ती रेघ, जवळून जायचं म्हणून १९६३ साली इथे थुंब्याहून पहिलं रॉकेट सोडलं. या पट्ट्यावर उठलेला बुडबुडा चुंबकीय रेषांवरून उत्तरेला, थेट कोल्हापूरच्या आकाशापर्यंत पसरतो. पन्हाळ्यावर रात्रीचं सबंध आकाश टिपणारा कॅमेरा बसवला होता. त्याच्या चित्रांत मंद तांबूस उजेडात दक्षिणोत्तर काळे पट्टे दिसतात, पूर्वेकडे सरकत जाणारे. तेच हे. उपग्रहाचे संदेशही त्यांतून येताना थरथरतात, आणि इथले मच्छीमार त्याच संदेशांवर होड्या हाकतात.

बाबा, गुडघ्याला तेल लावता ना? दिवाळीला येते आहे. सेल मी आणते. दिवेलागणीनंतर रेडिओ गच्चीवर लावू.

तुमची,
मनू